काकांची राख आणि 'देवाला सगळं शक्य आहे'

सातपुड्याखालचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे काका सुरतेत गेले. आमचं गाव नंदुरबारच्या अलीकडे, घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. काका पंचवीस वर्षं सुरतेत लूमवर होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं लूमनेच खाल्लेली. दुसऱ्या लाटेत ते दवाखान्यात गेले आणि आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. पेटीत घालून गावी आणायचं, आजोबांच्या शेजारी माती द्यायची, ते राहूनच गेलं. हातात पडलं ते तोंडाला लाल फडकं बांधलेलं मडकं.

काकूने ती राख बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काढली. डबा तेव्हापासून दादरच्या (ज्वारीच्या) कोठीवर आहे. कबरस्थानात पुरू म्हटलं की ती विषय बदलते. परवा शेवटी बोलली. तिचे प्रश्न तीन. एक, आपण दर रविवारी 'शरीराचे पुनरुत्थान' म्हणतो, मग राखेतून काय उठणार? दोन, त्या दिवशी तिथे रांगेने चिता जळत होत्या, ही राख त्यांचीच कशावरून? निम्मी दुसऱ्या कोणाची असली तर? तिसरा ती बोलली नाही, पण मला कळला.

पाळकसाहेब घरी आले होते. चहा घेतला, प्रार्थना केली आणि म्हणाले, "बाई, देवाला सगळं शक्य आहे." काकू म्हणाली, "देवले सर्व जमस, ते मले बी माहीत शे." आणि कपबश्या उचलून आत गेली.

मला पाळकांचा राग नाही. पण त्या वाक्याने उत्तर मिळण्याऐवजी बोलणंच संपतं, असं मला तेव्हापासून वाटतंय. सगळंच शक्य असेल तर पुरायचं तरी कशाला? ख्रिस्ती विचारात देवाचं 'सामर्थ्य' म्हणजे नेमकं काय, यावर कोणी वाचलं असेल तर लिहा. धर्मांतराचा वाद कृपया इथे नको.

रावेरकर

वाचतोय. काकूंना नमस्कार सांगा.

चार्वाक_जळगाव

तुमच्या दुःखाबद्दल आदर ठेवून लिहितो. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ सालीच याचा हिशेब मांडून ठेवलाय. मेलेला माणूस उठला असं कोणी सांगितलं, तर सांगणारा चुकला किंवा फसला असण्याची शक्यता जास्त की निसर्गाचा नियम मोडल्याची? आपण रोज पहिलीच बाजू घेतो. गावात कोणाच्या अंगात आलं तर आपण काय समजतो? मग जेरुसलेमच्या येशूसाठी वेगळा तराजू का? मुळातच कोणी उठलं नसेल तर राखेचा प्रश्नच उरत नाही.

भुसावळचा_गार्ड

चार्वाकभाऊ, नोकरीत असताना मीही तुमच्यासारखंच बोलायचो. आता रिटायर झालोय, वेळ आहे, म्हणून जरा वाचलंय.

दोन गोष्टी. चार शुभवर्तमानं (बायबलमधली येशूची चरित्रं) आहेत, पण येशू कबरेतून उठतानाचं दृश्य त्यातल्या एकातही नाही. रिकामी कबर आहे, नंतरच्या भेटी आहेत, मधलं काहीच नाही. त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत (चौथ्या शतकातली) तर बाया कबरेपासून घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच गोष्ट थांबते. चमत्कार रंगवून सांगायचा असता तर असा अर्धवट कोणी सोडला असता का? हा पुरावा नव्हे. लिहिणाऱ्यांचं लक्ष चमत्काराच्या करामतीवर नव्हतं, एवढंच म्हणतोय.

दुसरी गोष्ट पौल या प्रेषिताची. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय काढा. आपण समजतो की तो 'येशू उठला, म्हणून मेलेले उठतात' असं म्हणत असेल. तो उलटीकडून सुरू करतो: मेलेले उठतच नसतील, तर ख्रिस्तही उठलेला नाही. म्हणजे त्याच्या लेखी ही एकट्यादुकट्याची अचाट घटना नाही. त्याचा शब्द आहे 'प्रथमफळ'. शेतातली पहिली कणसं आपण देवापुढे ठेवतो ना, तसं. मागे अख्खं शेत उभं आहे म्हणून त्या कणसांना किंमत.

चार्वाक_जळगाव

छान लिहिलंत. पण शेत अजून कोणी पाहिलेलं नाही.

भुसावळचा_गार्ड

खरंय. नाहीच पाहिलं.

मेहूणची_बाई

मी वारकरी घरातली, तापीकाठची. आमच्याकडे मुक्ताई विजेच्या लोळात गुप्त झाली म्हणतात, देह मागे राहिलाच नाही. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. नेवाशात माऊलींनी सच्चिदानंद बाबांना मरणातून उठवलं आणि पुढे त्याच हातांनी ज्ञानेश्वरी लिहून घेतली. त्यामुळे मेलेला उठला हे ऐकून मला धक्का बसत नाही.

मला कळत नाही ते वेगळंच. आपल्याकडे जुनं वस्त्र टाकून आत्मा पुढे जातो. मग शरीरावर एवढा जीव का? राखेचं काय व्हायचं ते होवो, काका तर राखेत नाहीतच ना?

अमळनेरकर

बाई, तुम्ही बरोबर गाठीवर बोट ठेवलंत. सच्चिदानंद बाबा उठले, पण पुढे कधीतरी गेलेच. बायबलमधल्या लाजराचंही तसंच. चार दिवस कबरेत होता, येशूने हाक मारली, बाहेर आला, पण ते परत आलेलं आयुष्य पुन्हा मरणाकडेच जाणारं. ख्रिस्ती विचारक 'पुनरुत्थान' म्हणतात ते हे नव्हे. तिथे पुन्हा मरण नाही. लाजर मागे वळून आला. पुनरुत्थानात माणूस मरणाच्या पलीकडच्या बाजूने निघतो. शुभवर्तमान लिहिणारा योहान तर अशा घटनांना चमत्कार म्हणतच नाही, 'चिन्ह' म्हणतो. चिन्ह कशाकडे तरी बोट दाखवतं.

आता वस्त्राचं. आपल्याकडे (आणि ग्रीकांकडेही) 'मी' म्हणजे आतला, शरीर वरचं. यहुदी परंपरेत असं सरळ विभाजन नव्हतं. माणूस म्हणजे हा श्वास घेणारा, भूक लागणारा माणूस. म्हणून उठायचं तर त्यानेच उठायचं. याईराची मेलेली मुलगी उठली तेव्हा येशूने पहिलं काय सांगितलं, तर तिला काहीतरी खायला द्या. स्वतः उठल्यावर त्याने शिष्यांपुढे भाजलेला मासा खाल्ला. भूताने मासा खाल्ल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आता सामर्थ्य. शुभवर्तमानात हा प्रश्न जवळपास धागाकर्त्याच्याच शब्दांत आलाय. सदूकी म्हणून एक पंथ होता, त्यांना पुनरुत्थान मान्य नव्हतं. ते येशूकडे कोडं घेऊन आले. सात भाऊ, थोरला मेला म्हणून त्याच्या बायकोशी दुसऱ्याने लग्न केलं, तोही मेला, असं करत सातही झाले. मग उठल्यावर ती कोणाची बायको? येशूचं उत्तर असं की तुम्हाला ना शास्त्र कळलंय ना देवाचं सामर्थ्य. पण 'देवाला सगळं शक्य, तो सोडवेल कोडं' असं तो म्हणत नाही. आताचंच जगणं पुढे ओढत नेऊ नका, तिथे लग्नच नसतं, हा पहिला मुद्दा. आणि देव स्वतःला अब्राहाम, इसहाक, याकोब या कधीच्या गेलेल्या पूर्वजांचा देव म्हणवतो, तो मेलेल्यांचा देव कसा असेल, हा दुसरा. म्हणजे सामर्थ्य काही तुकडे जोडण्याचं कसब नव्हे. एकदा 'माझा' म्हटलेल्याला देव सोडत नाही, यात ते आहे.

('लग्न नसतं' हे काकूंना आज नका सांगू.)

सातपुड्याखालचा

सांगणार नाही. :)

हिशोबी_माणूस

एवढी चर्चा कशाला? राख ती राख. तापीत सोडा, मोकळे व्हा.

अमळनेरकर

हिशोबीराव, तुम्ही नकळत जुनी गोष्ट उकरलीत. इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योन शहरात ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं. प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. हेतू काय, तर यांना पुनरुत्थानाची आशाच राहू नये. युसेबियस या जुन्या चर्च-इतिहासकाराने हे नोंदवून ठेवलंय. मारणाऱ्यांना काकूंचाच प्रश्न पडला होता, फक्त त्यांनी तो हत्यार म्हणून वापरला.

मग मागे उरलेल्यांनी आशा सोडली का? नाही. त्याच सुमाराला ख्रिस्ती लेखक बजावून सांगत होते की पुरण्याचा रिवाज आम्हाला बरा वाटतो म्हणून आम्ही पुरतो, जाळल्याने काही हुकेल म्हणून नव्हे.

राखेत दुसऱ्याची राख मिसळली तर काय, यावर तर शतकानुशतकं डोकेफोड झालीय. टीकाकार विचारायचे, माणूस बुडाला, त्याला माशाने खाल्लं, माशाला दुसऱ्या माणसाने खाल्लं, आता ते मांस कोणाचं? आणखी पुढे जाऊन, माणसानेच माणूस खाल्ला तर? ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताने उत्तर दिलं की मांस पहिल्या मालकाला परत, दुसऱ्याने ते उसनं घेतलं होतं. आज हसू येतं, पण माणूस गंभीर होता. त्याचंच दुसरं म्हणणं मला जास्त पटतं: चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो, आपल्याला जेवढा निसर्ग माहीत आहे त्याच्या विरुद्ध असतो.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने गाठ वेगळ्या बाजूने सोडवायला घेतली. तो म्हणतो, शरीरातलं द्रव्य जिवंतपणीच येत-जात असतं. आगीत एक लाकूड जळून जातं, दुसरं घालतो, आग तीच राहते. तेव्हा काकूंना सांगायचं झालं तर चूल दाखवा. सकाळपासून किती काड्या बदलल्या, जाळ एकच.

रावेरकर

आता मी बोलतो. पौलाच्या त्या अध्यायात बियाण्याचा दाखला आहे, भुसावळला नात्यातल्या एका अंत्यविधीत ऐकला होता. पेरता ते रोप नसतं, नुसता दाणा असतो, तो मेल्याशिवाय उगवत नाही आणि देव त्याला हवं ते शरीर देतो. ज्वारीला, सरकीला लागू आहे. पण आमच्या रावेरात पंचाईत होते. केळीला बी नाही! आम्ही कंद लावायचो. घड काढला की खोड कापतो आणि बुडाशी आलेल्या मुनव्याला वाढवतो, त्याला पिलबाग म्हणतो. जुनं खोड सडून जातं, पिल वर येतं. बाग तीच म्हणतो आम्ही, झाड तेच म्हणत नाही.

आता तर टिश्यू कल्चर. प्रयोगशाळेत ग्रँड नैन जातीच्या केळीच्या एका तुकड्यापासून हजारो रोपं. सगळी हुबेहूब. त्यातलं मूळ झाड कोणतं? कोणतंच नाही, किंवा सगळीच. मग देवाने काकांसारखा हुबेहूब माणूस केला, आठवणी त्याच, बोलणं तेच, तरी तो काका की काकांची रोपं? एक करता येतो तर दोनही करता येतील. मग काकू कोणाजवळ बसेल?

(अवांतर: यंदा केळीच्या भावाने मारलंय, त्यामुळे डोकं तिकडेच असतं. माफ करा.)

मेहूणची_बाई

रावेरकर, शेवटच्या ओळीने झोप उडवलीत हो.

अमळनेरकर

रावेरकर, तुम्ही केळीच्या बागेतून थेट विसाव्या शतकाच्या तत्त्वज्ञानात पोचलात, तेही आमच्या गावातल्या तत्त्वज्ञान मंदिराची पायरी न चढता. जॉन हिक नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हुबेहूब प्रतिकृतीचीच बाजू घेतली होती. एक माणूस इथे मेला, तसाच दुसऱ्या जगात निर्माण झाला, तर त्याला तोच का म्हणू नये? दोन असतील तर मात्र कोणीच तो नाही, असं तोही म्हणाला.

उलट पीटर व्हॅन इनवॅगन, तोही ख्रिस्तीच, अडून बसला. १९७८ च्या निबंधात त्याने दाखला दिलाय: एका मठात ऑगस्टीनच्या हातची पोथी आहे म्हणतात. ती जळाली होती म्हणे, पण देवाने पुन्हा निर्माण केली. तो विचारतो, ही ऑगस्टीनच्या हातची कशी? अक्षर अन् अक्षर जुळेल, पण या कागदावर ऑगस्टीनचा हात कधी फिरलाच नाही. म्हणजे हा प्रश्न ताकदीचा नाहीच, देवाच्या ताकदीने सुद्धा 'तीच' पोथी होत नाही. अक्वायनासही म्हणून गेलाय की ज्यात अर्थाचाच विरोध आहे ते सर्वशक्तिमानाच्या शक्तीतही मोडत नाही. चौकोनी वर्तुळ देवाला जमत नाही, कारण ती 'गोष्ट'च नाही.

तेव्हा धागाकर्ते, तुमची शंका रास्त आहे. 'सगळं शक्य' हे उत्तराचं पहिलं वाक्य होऊ शकतं, शेवटचं नाही.

चार्वाक_जळगाव

बघा, ख्रिस्ती तत्त्वज्ञच माझं काम करतायत.

भुसावळचा_गार्ड

करू द्या की. पण घरात डबा आहे, त्याचं बोलू या. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. देहाच्या पुनरुत्थानाचा इन्कार म्हणून कोणी जाळत नसेल तर हरकत नाही. २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं की राख विखरू नका, नदीत सोडू नका, सहसा घरीही ठेवू नका, पवित्र जागी ठेवा. तुमची मंडळी प्रोटेस्टंट, तुम्हाला हे बंधन नाही. पण कारण ऐकण्यासारखं आहे. घरातला डबा पुढच्या पिढीत अडगळ होतो. कबरस्थानात नाव राहतं, येणारा-जाणारा क्षणभर थांबतो. कबरस्थानासाठीच्या ग्रीक शब्दाचा अर्थच झोपायची जागा. म्हणून आपल्यात 'प्रभूमध्ये निद्रिस्त' छापतात.

आणि काकू न बोललेला तिसरा प्रश्न. देव मेलेल्याला उठवू शकतो, मग दवाखान्यात का नाही वाचवलं, हाच ना? लाजराची बहीण मार्था येशूला तोंडावर म्हणाली होती, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू मुद्दाम दोन दिवस उशिरा निघाला होता. त्याने तिला कारण दिलं नाही. तिची बहीण मेरी हिला रडताना पाहिलं आणि स्वतः रडला. पुढे पाच मिनिटांत लाजराला उठवणार होता, तरी रडला. या ओळीचा अर्थ मला चाळीस वर्षांत लागलेला नाही. पाळकांनी ही ओळ वाचून गप्प बसायला हवं होतं, असं वाटतं.

मेहूणची_बाई

गार्डकाका, __/\__

बोटांचं काय पण? काकांची पेरं गेली होती ना. उठतील तेव्हा असतील?

अमळनेरकर

यावरही ऑगस्टीन बोललाय! हुतात्म्यांचे तुटलेले अवयव परत येतील, पण व्रण राहतील, कारण तो त्यांचा मान आहे. त्याला आधार येशूच्याच हातांचा. उठलेल्या शरीरावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. म्हणजे सामर्थ्य होतं, तरी जखम पुसली नाही. मघाच्या पोथीच्या कोड्याला कदाचित इथूनच वाट असेल. नव्याने बनवलेल्या हुबेहूब माणसाला व्रण देता येईल, पण तो ज्या दिवशी झाला तो दिवस देता येणार नाही. जो उठला त्याच्या मागे क्रूसावरचा तो शुक्रवार होता.

रावेरकर

हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. टिश्यूच्या रोपाला मागच्या वर्षीची गारपीट माहीत नसते. पिलबागेतल्या कंदाला असते.

सातपुड्याखालचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय, कारण मधे गावी जाऊन आलो.

काकू भाकऱ्या थापत होती, तिथेच बसून सांगितलं. ल्योनची गोष्ट सांगितली तेव्हा तिचा हात थांबला. "आनि त्यासनी नदीमा टाकं?" एवढंच म्हणाली. जाळ आणि काड्यांचा दाखला तिला फारसा भावला नाही, म्हणाली, हे तर रोजचंच आहे. (तिच्याकडे गॅस आलाय, भाकरीपुरती चूल.) मार्थाचं सांगितलं तेव्हा काहीच बोलली नाही. पदराने तवा धरून उतरवला आणि बराच वेळ तसाच धरून बसली. बोटांच्या व्रणाचं ऐकून मात्र हसली. ती बोटं ती रोज रात्री खोबरेल लावून चोळायची म्हणे, थंडीत ठणकायची. मला हे माहीतच नव्हतं.

मग तिनेच विचारलं, उठल्यावर ते मला ओळखतील का? मी मग्दालीच्या मरीयेची गोष्ट सांगितली. कबरेपाशी ती रडत उभी, समोर येशू, पण तिला वाटलं हा बागेचा माळी. ओळख पटली केव्हा, तर त्याने 'मरीये' अशी नावाने हाक मारली तेव्हा.

काकू विचारात पडली. म्हणाली, तुझ्या काकांनी मला पस्तीस वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. 'पोऱ्यानी माय' म्हणायचे. माझं नाव त्यांना आठवत तरी असेल का?

राख सोमवारी पुरली, आजोबांच्या शेजारी. डब्यासकट नाही, डबा तिने धुऊन परत ठेवला. पाळकसाहेब आले होते. या वेळी त्यांनी योहानाचा ११वा अध्याय, लाजराचाच, वाचला आणि दुसरं काही बोलले नाहीत. दगड घडवणाऱ्याला मी काकांचं नाव आणि तारखा लिहून दिल्या होत्या. काकूने त्याला बाजूला घेऊन आणखी काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, तिने स्वतःचंही नाव कोरायला सांगितलंय, वर, मोठ्या अक्षरात. तो म्हणाला, बाई, तुम्ही तर जिवंत आहात. ती म्हणाली, कोर. उठल्यावर आधी तेच वाचतील.